गल्ल्यावर बसणारीला विचारलंत का?

"छोट्या व्यावसायिकांची मानसिकता बदलायला हवी."

हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तीनदा ऐकलं. एकदा व्याख्यानात, एकदा पेपरातल्या लेखात आणि एकदा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, तेही सख्ख्या भाच्याकडून. पहिल्या दोघांना उत्तर द्यायची सोय नव्हती. भाच्याला ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर रात्री त्याच्या आईचा फोन आला असता. म्हणून इथे लिहिते आहे. (बाळा, तू हा ब्लॉग वाचतोस हे मला पक्कं ठाऊक आहे. शेवटपर्यंत वाच आणि मगच आईकडे तक्रार कर.)

मला मुळात या 'मानसिकता' शब्दाचाच राग येतो. ३६ वर्षं शाळेत काढली. वर्गातली दोन मुलं नापास झाली तर मुलांनी अभ्यास केला नाही असं म्हणता येतं. अख्खा वर्ग नापास झाला तर मुख्याध्यापक मुलांना नाही, बाईंना बोलावतात. 'वर्गाची मानसिकता ठीक नाही' असा शेरा मी लिहिला असता तर वही माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं असतं, "ते राहू दे बाई, तुम्ही शिकवलंत काय?" इथे मात्र उलटा न्याय आहे. बिलाचं सॉफ्टवेअर दुकानात सहा महिन्यांत धूळ खात पडलं, की नापास कोण? दुकानदार. विकणारा कधीच नापास होत नाही, कारण त्याचे पैसे आधीच मिळालेले असतात.

माझं म्हणणं साधं आहे. दुकानात, वर्कशॉपमध्ये, छापखान्यात नवीन यंत्र येतं तेव्हा ते मालक विकत घेतो, मुलगा पसंत करतो, एजंट बसवून देतो आणि चालवतं भलतंच माणूस. त्या चालवणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलेलं नसतं. आणि मग ते यंत्र चाललं नाही की त्याच माणसाला अडाणी ठरवतात.

आता कोणी म्हणेल, बाईंना जुनं ते सोनं वाटतं. मुळीच नाही. मी जिथे राहते त्या गावाला यंत्राची भीती वाटते असं म्हणणाऱ्याने कोल्हापूर पाहिलेलंच नाही. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवणारे. बोलपट तर सोडाच, मूकपटसुद्धा इकडे नवलाईचा होता त्या काळात त्यांनी आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार करायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही आणि १९१८ च्या सुमाराला कॅमेरा तयार झाला. त्यावर १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. इंजिनिअरिंगचं शिक्षण नाही, परदेशवारी नाही. यंत्र उघडलं, समजून घेतलं, करून बघितलं.

उद्यमनगरचंही तेच. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं जुन्या कोल्हापूरकरांना सांगायला नकोत. ऑइल इंजिन इथे रुजलं, कारण ते बिघडलं तर उघडून दुरुस्त करणारा माणूस शेजारच्या गल्लीत होता. शेतकऱ्याने इंजिन घेतलं की नुसतं इंजिन येत नसे, त्याच्यामागे मेस्त्री, सुटा भाग करून देणारा लेथवाला, ओतकाम करणारा असं अख्खं गणगोत यायचं. आज शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला फौंड्र्या आहेत त्यांची मुळं त्या गणगोतात आहेत. म्हणजे आमच्या लोकांची मानसिकता शंभर वर्षांपूर्वीच बदललेली होती बरं का. फरक एवढाच की तेव्हा यंत्र माणसाच्या ताब्यात यायचं.

आताचं यंत्र बंद डब्यात येतं. उघडायचं नाही. पासवर्ड मुलाच्या फोनवर, मुलगा पुण्याला. वर्षाची वर्गणी भरली नाही तर आपलीच बिलं आपल्याला दिसत नाहीत. बसवून देणारा एजंट पहिल्या महिन्यात दोनदा येतो, दुसऱ्या महिन्यात फोन उचलतो, तिसऱ्या महिन्यात नोकरी बदलतो.

असो. उदाहरण देते, म्हणजे नुसती बडबड वाटणार नाही.

राजारामपुरीत आमच्या घराजवळ एक किराणा दुकान आहे. नवरा सकाळी लक्ष्मीपुरीत माल आणायला जातो, दुपारी पोचवायला जातो. दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत बायको. पंचवीस वर्षं तीच. दुकान तिच्या जिवावर चालतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, पाटीवर मात्र नाव नवऱ्याचं. आपल्याकडे असतंच तसं. मुलगा शिकला, नोकरीला लागला आणि दोन-तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा त्याने दुकान 'डिजिटल' केलं. काउंटरवर क्यूआरचा कागद चिकटवला. खातं वडिलांचं, मेसेज वडिलांच्या फोनवर. शिवाय उधारीसाठी फोनमध्ये एक अ‍ॅप. अर्ध्या दिवसात सगळं करून मुलगा परत गेला.

मागे एकदा दुपारची साखर आणायला गेले होते. गिऱ्हाईक नव्हतं. सहज विचारलं, आता बरं झालं ना, सुट्ट्या पैशांची कटकट गेली.

ती म्हणाली, "कटकट गेली खरं बाई, पण पैसंबी गेलं की."

मला कळेना. मग तिने सांगितलं. पूर्वी गल्ला तिच्या हाताखाली होता. दुधाचे, गॅसचे, भिशीचे, माहेरी कुणी आजारी असलं तर बसभाड्याचे पैसे त्यातून निघायचे. कुणी विचारायचं नाही, कारण गल्ल्याचा हिशोब तिलाच ठेवायचा होता. आता दहापैकी सात गिऱ्हाइकं फोनने देतात. पैसे नवऱ्याच्या खात्यात. "दिवसभर मी इथं हुबी. किती आलं ते त्येंनाच म्हाईत. भिशीचं पैसं मागायला लागत्यात आता. पंचवीस वर्सांत मागितलं नव्हतं."

नवरा वाईट माणूस नाही. मागितले की देतो. पण मागणं आणि घेणं यांतला फरक ज्या बाईने पंचवीस वर्षं दुकान चालवलं तिला समजावून सांगायची गरज नाही, आणि तुम्हालाही नसावी. ही यूपीआयची चूक आहे का? नाही. खातं दोघांच्या नावावर करता आलं असतं, मेसेज तिच्या फोनवर येईल असं करता आलं असतं. बँकेची एक फेरी. पण ते कुणाला सुचलंच नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही. मुलाने विचार केला तो दुकानाचा. दुकानात जे माणूस उभं आहे ती आई आहे, आणि दुकान म्हणजे तिची मिळकत आहे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. अजूनही ते काम झालेलं नाही. मी मुलाशी बोलते म्हटलं तर ती नको म्हणाली.

आता उधारीचं ऐका. तिची जुनी वही मी पाहिलेली आहे. लाल कापडी बांधणीची, कोपरे फाटलेली. त्या वहीत फक्त आकडे होते, पण कुणाला कधी आठवण करायची आणि कुणाला मुळीच करायची नाही हे तिच्या डोक्यात होतं. पगाराच्या तारखा, पेन्शनच्या तारखा, उसाचं बिल कधी येतं, कुणाच्या घरी लग्न आहे. अ‍ॅपला यातलं काय कळणार? ते ठरल्या दिवशी मेसेज पाठवतं. एका घरी माणूस दवाखान्यात अ‍ॅडमिट होता, त्याच दिवशी 'आपली थकबाकी त्वरित भरा' असा मेसेज गेला. किती वर्षांचं गिऱ्हाईक! तिसऱ्या दिवशी पैसे आणून दिले आणि पुन्हा दुकानात पाऊल टाकलं नाही. वहीपेक्षा अ‍ॅप हुशार असेलही. पण वही आणि ती बाई मिळून जी काही अक्कल होती, ती फोनमध्ये भरायचं राहून गेलं.

भाच्याने ग्रुपवर लिहिलं होतं की लोक रोखीला चिकटून बसतात, कारण त्यांना कर चुकवायचा असतो. असतीलही काही, मी त्यांची वकील नाही. पण जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात काय झालं ते आठव. व्यापारी कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांची मर्यादा असते, ती ओलांडली म्हणून. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीवर मुळात जीएसटी नाही! बेंगळुरूत चहाच्या आणि भाजीच्या गाड्यांवरचे क्यूआर निघाले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. नंतर सरकार नरमलं, पण पाट्या लागायच्या त्या लागल्याच. या लोकांनी यूपीआय आनंदाने घेतलं होतं. नोटाबंदी २०१६ च्या नोव्हेंबरात, यूपीआयही त्याच वर्षीचं, जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्कही नाही. सांगाल ते सगळं त्यांनी केलं. फक्त घेताना कुणी सांगितलं नव्हतं की या कागदावरून उद्या तुमच्याबद्दल कोण काय वाचणार आहे. पोळल्यावर त्यांनी हात मागे घेतला, तर त्याला मानसिकता म्हणायची? मी त्याला अनुभव म्हणते.

आणि हेही सांगते, कारण नाही तर लेख एकांगी होईल. त्याच क्यूआरच्या शेजारी ठेवतात तो बोलका डबा, 'अमुक रुपये प्राप्त झाले' म्हणणारा, तो मला फार आवडतो. २०१९-२० नंतर तो सगळीकडे दिसायला लागला. तो कुणी तरी दुकानात उभं राहून, बघून केला असणार. वडेवाल्याचे हात पिठात असतात, किराणावालीचे तेलात. ती फोन हातात घेऊन मेसेज वाचू शकत नाही, चष्मा नसेल तर मुळीच नाही. आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवून पळणारे महाभाग आहेतच. म्हणून डबा बोलतो. हाताला काम, कानाला खबर. तो शिकवायला एकाही दुकानात एजंटाला दोनदा जावं लागलं नसेल. त्याचं महिन्याचं भाडं कापतात त्यावरून तिची कुरकुर आहे, पण डबा बंद करून ठेव म्हटलं तर ठेवणार नाही. चांगलं यंत्र ओळखायची हीच खूण. मानसिकतेवर व्याख्यान लागत नाही.

माझ्या स्वतःच्या पेशाजवळचं एक उदाहरण द्यायचंच आहे. ते माझ्या मनात तीस वर्षं ठसठसतं आहे.

आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका एका छोट्या छापखान्यात छापायच्या. ट्रेडल मशीन, शिशाचे खिळे, आणि खिळे जुळवणारे एक जुळारी. शिक्षण सातवी. शेकडो खणांच्या केसमधून न बघता अक्षर उचलायचे. वेलांटी कुठे, रफार कुठे, अर्धा ष कुठे, सगळं बोटांना पाठ. आणि शुद्धलेखन! साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ चे ४, हे मी बी.ए.ला पाठ केले होते, त्यांनी खिळ्यांतून शिकले होते. माझ्या हस्तलिखितावर बोट ठेवून म्हणायचे, "बाई, हे घाईत लिवलंय काय? हितं दीर्घ पायजे." आणि त्यांचंच बरोबर असायचं.

नव्वदच्या दशकात डीटीपी आलं. मालकाने कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला. घ्यायलाच हवा होता, सगळी गिऱ्हाइकं जिथे डीटीपी होतं तिथे चालली होती. शिसं हाताळून माणसाची तब्येत बरी राहते असंही नाही, म्हणून खिळे गेल्याचं मला दुःख नाही. दुःख पुढच्या गोष्टीचं आहे. कॉम्प्युटरवर बसायला अठरा-एकोणीस वर्षांचा, इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास झालेला मुलगा ठेवला. जुळाऱ्यांना कागद कापायला आणि गठ्ठे बांधायला लावलं. मी मालकांना विचारलं, त्यांनाच का नाही शिकवत? ते म्हणाले, "या वयात त्यांना कॉम्प्युटर जमणार आहे का बाई?"

शेकडो खण न बघता ज्याच्या हाताला माहीत होते, त्याला पन्नास कळा जमणार नव्हत्या! मालक दुष्ट नव्हते. त्यांना खरोखर असंच वाटत होतं. कॉम्प्युटर म्हणजे तरुणांचं काम, कॉम्प्युटर म्हणजे इंग्रजीचं काम, हे त्यांना कुणी तरी यंत्राबरोबर फुकट विकलं होतं. त्या मुलाला कळा माहीत होत्या, मराठी माहीत नव्हतं. पहिल्याच सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेत सात चुका. जुळारी शेजारीच बसून गठ्ठे बांधत होते, पण प्रूफ आता त्यांच्याकडे जात नव्हतं.

ही एका छापखान्याची गोष्ट नाही. महाराष्ट्रभर जुळारी असेच घरी गेले आणि जाताना मराठी शुद्धलेखनाचं एक अख्खं खातं बरोबर घेऊन गेले. वर तेव्हाचे फॉन्ट. श्रीलिपीत केलेलं आकृतीत उघडेना, एका छापखान्याचा मजकूर दुसऱ्याकडे गेला की नुसती चित्रलिपी. युनिकोड रुळेपर्यंत हा गोंधळ चालला. आज कोल्हापुरातल्या चौकाचौकात फ्लेक्स बघा. 'हार्दीक शुभेच्छा'. भाऊंचा फोटो बारा फूट आणि वेलांटी चुकीची. लोक म्हणतात, मराठी शाळांची अवस्था वाईट. आहेच. पण मला दर वेळी ते गठ्ठे बांधणारे हात आठवतात. महिनाभर कुणी शेजारी बसवून घेतलं असतं तर?

अशा ठिकाणी 'उत्पादकता वाढली' म्हणतात. वाढली, हो. कागद जास्त छापले गेले.

चपलांकडे येते, कारण सध्या सगळ्यांना चपलांचं प्रेम आलं आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, मूळ नाव न सांगता. त्यावर गदारोळ झाला आणि त्यांना मूळ मान्य करावं लागलं. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन २०१८-१९ मध्येच मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्या गदारोळानंतर जुलै २०२५ मध्ये राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाने चपलांना क्यूआर कोड द्यायचं जाहीर केलं. स्कॅन केलं की कारागिराचं किंवा केंद्राचं नाव, जिल्हा, पद्धत, कच्चा माल, मानांकनाची स्थिती हे सगळं दिसणार. कल्पना चांगली आहे. नकली रेक्झिनच्या चपला 'कोल्हापुरी' म्हणून विकणाऱ्यांना चाप बसेल तर हवाच आहे.

पण माझा प्रश्न नेहमीचाच. त्या कोडवर नाव कुणाचं? चपलेचा तळ कापतो तो एक, टाके घालतो तो दुसरा, आणि पट्ट्यावरची चामड्याची वेणी घालते ती बहुतेक वेळा घरातली बाई, स्वयंपाक आणि पोरं सांभाळून. कोडवर घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव येणार की वेणी घालणारीचंही? तिच्या हाताला दर किती मिळतो हे दिसणार का? गिऱ्हाइकाला चपलेची जन्मकुंडली मिळेल, त्याबद्दल आनंदच आहे. कारागिराला त्याच कोडमधून काय मिळेल हे कुणी त्याच्या ओट्यावर बसून विचारलं असेल तर उत्तम. नसेल तर तो आणखी एक कागद आहे, चिकटवायचा.

हे अशक्य नाही. आपल्या शेजारी, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत, १९९० च्या दशकाच्या शेवटी 'असेंट' नावाच्या बेंगळुरूच्या संस्थेने कारागिरांबरोबर काम सुरू केलं. परदेशात माल पाठवायचा तर मापं पक्की हवीत, जोडी एकसारखी हवी, नमुने नवे हवेत. हे सगळं शिकवलं. पण बायकांचे बचत गट करून, त्यांच्या हातात हिशोब देऊन. 'टोहोल्ड' या नावाने त्या चपला देशाबाहेर गेल्या आणि ज्या बाया पूर्वी घरात बसून बिनमोलाचं काम करत होत्या त्या मालकीत आल्या. सुधारणा तीच, पण तिच्याबरोबर वही बाईच्या हातात गेली. माझ्या शेजारच्या दुकानात बरोबर उलटं झालं.

लिज्जत पापड तर सगळ्यांना माहीत आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. पापड लाटायचं यंत्र मिळत नाही का? मिळतं. पीठ मळायला त्यांनी यंत्रं घेतली, लाटणं मात्र हातात ठेवलं. कारण पीठ मळणं म्हणजे खांदे मोडणं, आणि लाटणं म्हणजे मजुरी. कोणतं कष्ट यंत्राला द्यायचं आणि कोणतं काम आपल्याकडे ठेवायचं हे त्या व्यवसायात लाटणाऱ्याच मालकीण असल्यामुळे ठरू शकलं. बाहेरच्या सल्लागाराने आधी लाटणंच बंद केलं असतं. त्याच्या तक्त्यात ते सगळ्यात खर्चाचं कलम दिसलं असतं ना!

मालक आणि कामगार वेगळे असतात तिथे ही गोष्ट अजून अवघड होते, आणि छोटा उद्योग म्हणजे नेहमी कुटुंबच असतं अशा गोड समजुतीत कुणी राहू नये. इचलकरंजीचं घ्या. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपडे पाठीशी होते, आणि गाव महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं. हे आम्ही भूगोलात कौतुकाने शिकवायचो. पण माग चालवणाऱ्याची मजुरी पिकावर ठरते आणि तिच्यासाठी २०१३ मध्ये मोठा संप झाला, हे कुणी धड्यात घालत नाही. नवा, बिनधोट्याचा वेगवान माग येतो तेव्हा कर्जाची सवलत कुठे मिळेल यावर चर्चासत्रं होतात. एका माणसाने किती माग बघायचे, रात्रपाळीला कानांचं काय होतं, हे विचारायला चर्चासत्रात तो माणूस बोलावलेला नसतो. तो तेव्हा पाळीवर असतो.

"मग काय आत्या, प्रत्येकाला विचारत बसायचं? धंदा कधी करायचा?" हा भाच्याचा पुढचा प्रश्न मला न विचारताच ऐकू येतो आहे.

होय, विचारत बसायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा तो पडून राहिला. लोखंडाने जमिनीत विष उतरतं असं शेतकरी म्हणत, ही गोष्ट किती तरी जणांनी सांगितली आहे. हसण्यावारी नेण्यासारखीच आहे. पण लक्ष्मणराव 'शेतकऱ्याची मानसिकता' या विषयावर भाषण करत हिंडले नाहीत. ज्याची एक बैलजोडी आणि एक पाऊस एवढीच पुंजी, तो पहिल्यांदा करून बघायला घाबरणारच. चुकलं तर वर्ष जातं. ते चिकाटीने टिकले, नांगर शेतात उतरला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. तो काळ तसा होता म्हणाल, तर काळाने एवढा काय फरक पडतो? आजच्या टपरीवाल्याचीही पुंजी एकच आहे, आणि चुकलं तर त्याचाही महिना जातो. फुकटचा प्रयोग करायची चैन मोठ्या कंपन्यांना परवडते, त्याला नाही. त्याचं कचरणं हा हिशोब असतो. तो समजून घ्यायला वेळ लागतो, आणि वेळ द्यायची विकणाऱ्याची तयारी नसते.

विचारायचं म्हणजे सभा घ्यायची नाही. दुकानात दोन दिवस उभं राहायचं. कोण कुठे हात घालतं, कुणाला वर बघायला फुरसत नाही, कुणाला वाचता येतं पण बारीक अक्षर दिसत नाही, कुणाला दिसतं पण ते सांगायची लाज वाटते. बिघडलं तर कुणाला फोन करायचा आणि तो मराठीत बोलेल का? बंद करायचं झालं तर आपला हिशोब परत मिळेल का? पैसा आधी कुणाच्या हातात होता आणि आता कुणाच्या हातात जाणार? या शेवटच्या प्रश्नाला सगळे टाळतात, म्हणून तो आधी विचारायचा.

आणि आता, भाचेबुवा, तुझ्या सांगलीच्या हार्डवेअरच्या दुकानाबद्दल. तू लिहिलंस की जुने काका नव्या कॉम्प्युटरवर माल चढवत नाहीत, मुद्दाम अडून बसतात, त्यांना काढावं लागेल. मी त्यांना तुझ्या लग्नापासून ओळखते. दीड इंची स्क्रू आणि पावणेदोन इंची स्क्रू ते अंधारात बोटाने वेगळे करतात. दिवाळीला मी दुकानात बसले होते तेव्हा तुझा तो पडदा बघितला. मला, चष्मा लावून, त्यातली अर्धी नावं वाचता आली नाहीत. सगळी इंग्रजीत, मुंगीएवढी. काकांना ती दिसतात का हे तू विचारलं आहेस का? ते स्वतःहून सांगणार नाहीत. वीस वर्षं ज्या दुकानात डोळे मिटून माल काढला तिथे 'मला दिसत नाही' म्हणायला माणसाला फार जड जातं, त्यापेक्षा अडेलतट्टू म्हणवून घेणं सोपं.

तो सॉफ्टवेअरवाला रविवारी येणार आहे असं तुझी आई म्हणाली. त्याला येऊ दे. पण खुर्चीवर काकांना बसव, तू मागे उभा राहा, आणि नावं मराठीत आणि मोठ्या अक्षरात करता येतात का ते त्याच्याकडून काकांसमोर वदवून घे. मीही येते. गाडी पाठव, एसटीची पायरी आता चढवत नाही.